बंदुकीचा इतिहास लिहिणारे पुणे

सदाशिव पेठेला ज्याचे नाव आहे तो पुरुष मराठ्यांच्या इतिहासात बंदुका आणि तोफा यांवर सर्वांत मोठा विश्वास टाकणारा सेनापती होता. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडल्यानंतर आठ वर्षांनी, १७६९ च्या सुमारास, थोरल्या माधवरावांनी मौजे नायगावच्या जागेवर ही पेठ वसवली आणि तिला आपल्या चुलत्याचे नाव दिले. पुढे हीच पेठ शाळा, ग्रंथालये, छापखाने आणि संशोधनसंस्था यांसाठी ओळखली गेली, आणि तिच्या नावामागची दारूगोळ्याची बाजू मागे पडली. तरी भारतातल्या बंदुकीचा विश्वसनीय इतिहास लिहिण्याचे काम बऱ्याच अंशी पुण्यातच झाले. ते ज्यांनी केले त्यांच्यात परशुराम कृष्ण गोडे यांचे स्थान सर्वांत वरचे आहे.

बंदूक मराठी मुलखात शिवकाळाच्या बरीच आधी आली होती. बहमनी राज्यात पंधराव्या शतकात दारूचा वापर होत होता. बहमनी वजीर महमूद गावानने १४७२-७३ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा तटाखाली सुरुंग लावले, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीज किनाऱ्यावर स्थिरावले, तोफा ओतण्याची आणि नळ्या घडवण्याची नवी कला त्यांच्याबरोबर आली, आणि विजापूर व अहमदनगरच्या दरबारांनी ती झपाट्याने उचलली. शिवाजी महाराजांनी इंग्रज, फ्रेंच आणि पोर्तुगीज या तिघांकडूनही तोफा व दारूगोळा मिळवण्याचे प्रयत्न केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूखान्याविषयी जे नियम आहेत त्यांतून या काळची व्यवहारबुद्धी दिसते. दारूचे कोठार वस्तीच्या घरांजवळ असू नये. दारू, बाण आणि इतर दारूसामान ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावे. सह्याद्रीच्या पावसात सोरा ओल धरतो आणि दारू निकामी होते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याचेच हे नियम आहेत.

त्या काळची सामान्य बंदूक तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी म्हणजे तोडा. तो सावकाश धुमसत राहतो. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक छिद्र, त्याला कान म्हणत, आणि त्याच्या बाहेर छोट्या पात्रात बारीक दारू, म्हणजे रंजक. चाप ओढला की तोड्याचे जळते टोक रंजकीवर येते, रंजकीची ज्योत कानातून आत जाते आणि बार उडतो. भरताना दारू, मग गुंडाळी, मग गोळी असा क्रम, आणि प्रत्येक थर गजाने ठासायचा. बार भरायला वेळ लागे, पेटता तोडा रात्री शत्रूला दिसे आणि पावसात विझे. इतके दोष असूनही हिंदुस्थानात ही बंदूक युरोपपेक्षा बरीच अधिक काळ टिकली. याला अनेक जण मागासलेपण म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. चकमकीच्या बंदुकीला एकसारखी गार आणि उत्तम पोलादी कमान लागते. दोन्ही गोष्टी गावच्या लोहाराच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. तोड्याची बंदूक मात्र कुठेही दुरुस्त होत असे, आणि तिची लांब, जाड नळी नेम धरून एकटी गोळी मारण्यासाठी चांगलीच उपयोगी पडे. शिकारीला आणि गडावरून नेमक्या माणसाला टिपायला हा गुण महत्त्वाचा होता.

नळी घडवण्याच्या कलेचे सर्वांत तपशीलवार वर्णन अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत सापडते. पूर्वी लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या दोन कडा एकमेकींना जोडत. अशी नळी जोडावर फाटे आणि बंदूकवाल्याचाच जीव घेई. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरका पिळत, पिळाचा काठ आधीच्या पिळावर चढवत आणि तापवून ठोकून एकजीव करत. पुढे युरोपात उंची बंदुकांच्या पिळाच्या नळ्या ज्या तत्त्वावर बनल्या, त्याच जातीचे हे तत्त्व आहे. अबुल फजल बंदुकांची प्रतवारी देतो, कारागिरांची नावे देतो आणि बादशहाच्या आवडत्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने किती जनावरे मारली याचा आकडाही देतो: १०१९. चितोडच्या वेढ्यात तिथला किल्लेदार जयमल याच बंदुकीने पडला. जहांगीराने तर बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीची नोंद काढायला लावली. त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारली, असे त्याच्या आत्मचरित्रात आहे. उत्तम बंदुकीविषयी आणि तिच्या वापराविषयी हिंदुस्थानात लिहिलेले सर्वांत जुने तपशीलवार लेखन म्हणून आईनचा तो भाग वाचायला हवा. बंदूक हे युद्धसाधन असतानाच रसिकतेचा विषयही कसा झाला, हे तिथे स्पष्ट दिसते.

मराठ्यांच्या दरबारी कागदांत असे रसिक वर्णन दुर्मीळ आहे. सातारकर शाहू महाराजांना शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा छंद होता. त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने वाघाच्या प्रसंगी त्यांचा जीव वाचवला आणि त्याचा मोठा सन्मान झाला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पुण्यात सवाई माधवरावांच्या वेळी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. नाव शिकारखाना असले तरी तो मुख्यतः प्राणी पाळण्याची जागा होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये तिथला गेंडा काढला आणि तो कागद आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पेशव्यांच्या पुण्यात शिकारीपेक्षा प्राणी पाहण्याची हौस अधिक होती, असे म्हणता येते. बंदूक तिथे प्रामुख्याने फौजेचे हत्यार राहिली.

फौजेतल्या या हत्याराची गोष्ट सदाशिवरावभाऊंपासून सुरू करावी लागते. दक्षिणेत फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली कवायती पलटणी तयार झाल्या होत्या. त्यांतल्या गारद्यांना पेशव्यांनी चाकरीत घेतले. हा प्रयोग धोक्याचा होता. १७५९ मध्ये मुजफ्फरखान गारद्याने भाऊंवरच प्राणघातक हल्ला करवला. तरीही भाऊंनी गारदी पलटणींवरचा विश्वास सोडला नाही आणि इब्राहिमखान गारद्याला पुढे आणले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या मोहिमेत त्याच्या तोफांनी आणि बंदुकांनी निजामाला कोंडीत पकडले आणि साठ लाखांच्या घरातल्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांना मिळाला. या विजयामुळे भाऊंच्या मनात तोफखाना आणि शिस्तबद्ध बंदुकवाले पायदळ यांविषयी जी खात्री बसली, तीच ते पानिपतावर घेऊन गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखानाच्या पलटणींनी रोहिल्यांची मोठी हानी केली. त्या दिवशीचा पराभव तोफखान्याच्या नालायकीने झाला, असे म्हणणे अन्यायाचे आहे. उपासमार, फसलेला तळ आणि तोफखाना व घोडदळ यांच्यातला तुटलेला मेळ ही खरी कारणे. इब्राहिमखान पकडला गेला आणि त्याला मारण्यात आले. शेवटपर्यंत तो भाऊंशी इमानी राहिला.

पानिपतानंतर माधवरावांनी तोफखाना आणि दारूगोळ्याची खाती पुन्हा उभी केली. जुन्नर भागात आंबेगाव येथे १७६५-६६ मध्ये आणि पुण्यात १७६९-७० मध्ये तोफांचे गोळे ओतण्याचे कारखाने सुरू झाले. पुण्यातला कारखाना आणि सदाशिव पेठ ही जवळजवळ एकाच वर्षीची. तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे होती. या घराण्याने काम निष्ठेने केले, पण वंशपरंपरेने चालणाऱ्या खात्यात नवे तंत्र येणे अवघड होते. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला. त्यांच्याबरोबर असलेल्या इंग्रज तुकडीतला एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये छापलेल्या वृत्तांतात मराठी तोफखान्याचे जे वर्णन दिले आहे ते वाचताना मन खट्टू होते. तोफ भरली की गोलंदाज खाली बसत, गप्पा मारत, धूम्रपान करत आणि सुमारे अर्ध्या तासाने ती उडवत. एकाच भगदाडावर सलग मारा करण्याऐवजी तटावर इकडेतिकडे गोळे टाकत. मूर परका होता आणि त्याचा सूर तुच्छतेचा आहे, हे गृहीत धरले तरी वेढा सात महिने चालला हे खरे आहे.

उत्तरेत महादजी शिंद्यांनी वेगळा मार्ग धरला होता. त्यांच्या चाकरीतल्या द बॉयन्य या युरोपीय सेनापतीच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा आणि बंदुका तयार करत असे. त्याची बंदूक दहा रुपयांत पडे आणि ती विलायती बंदुकीच्या तोडीची होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानावर शिंद्यांच्या या तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या फौजेतली दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी केली. धारवाड आणि असई यांच्यात केवळ बारा वर्षांचे अंतर आहे. मराठी माणसाला हे तंत्र जमत नव्हते, हा निष्कर्ष या दोन लढायांपुढे टिकत नाही. पैसा, कारखाना आणि शिकवणारा माणूस जिथे एकत्र आले तिथे ते उत्तम जमले.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुण्यातली बंदूक पेठांतून उठून लष्कराच्या छावणीत गेली. खडकीला १८६९ मध्ये सरकारी दारूगोळा कारखाना निघाला. लष्करी काडतुसे पुण्याच्या वेशीवर तयार होऊ लागली, पण पेठेतल्या माणसाच्या हाती बंदूक येण्याचा मार्ग बंद होत गेला. त्यावर शेवटचा शिक्का १८७८ च्या शस्त्र कायद्याने बसला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, विकणे किंवा नेणे गुन्हा ठरले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना नियमांत सूट होती, देशी माणसाला नव्हती. हा भेद त्या पिढीच्या मनाला फार लागला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध मागण्या होत राहिल्या.

सदाशिव पेठेत राहणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची पार्श्वभूमी हीच आहे. फडके लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी १८६० मध्ये जी शिक्षणसंस्था काढली, ती आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून चालते आणि तिची पेरूगेटची भावे शाळा याच पेठेत आहे. शाळा काढणारा हाच माणूस गुलटेकडीकडच्या माळावर लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकला. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला दरोडा पडला. फडक्यांना बंदुका हव्या होत्या, पण कायद्यानंतर त्या सरळ मार्गाने मिळणे शक्य नव्हते. मे महिन्यात बुधवारवाडा आणि सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा या दोन्ही पेशवाई वास्तूंना आगी लावण्यात आल्या. त्या रानडे बंधूंनी लावल्या होत्या, तरी संशय प्रथम फडक्यांवर गेला. जुलैत ते विजापूरकडच्या देवर नावदगी येथे पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांच्या बंडाचे लष्करी मोल थोडे होते. पेठेतल्या सुशिक्षित घरांवर त्याचा परिणाम मात्र खोल झाला. पुढची चळवळ काही काळ वर्तमानपत्र, सभा आणि शाळा यांच्या वाटेने गेली.

याच शतकात विलायतेत बंदुकीचे रूप पूर्ण पालटले. १८०७ मध्ये फोर्सिथने ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले, त्यातून टोपीची बंदूक आली आणि तोडा व गार दोन्ही निरुपयोगी झाले. १८३० च्या दशकात लफोशोने मागून उघडणारी, काडतूस घालायची बंदूक बनवली. १८७० नंतर नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे दूरवर एकत्र ठेवण्याची युक्ती रूढ झाली. बर्मिंगहॅमचा कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने १८८१ मध्ये बंदुकीच्या विकासावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो कित्येक आवृत्त्यांतून वाढवत नेला. छर्ऱ्याच्या बंदुकीवर लिहिणाऱ्यांमध्ये ग्रीनरचा मान आजही पहिला आहे. स्वतः नळ्या घडवणारा माणूस लिहायला बसला की लेखनात किती नेमकेपणा येतो याचे ते उदाहरण आहे. बारा बोअर म्हणजे काय, हेही अशा ग्रंथांतून वाचकाला कळते: नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअरची. सोळा गोळ्या लागल्या तर नळी अरुंद आणि बंदूक सोळा बोअरची.

या उंची दुनळी बंदुका महाराष्ट्रात आल्या त्या संस्थानिकांच्या वाड्यांत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीची स्मारके आजही पाहायला मिळतात. कोल्हापूर दरबारात पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरण्याची शिकार विसाव्या शतकापर्यंत टिकली. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतकऱ्याकडे असे ती ठासणीची एकनळी, डुकरांपासून भात आणि नाचणी राखण्यासाठी परवाना काढून घेतलेली. संस्थानिक आणि शेतकरी, दोघांकडेही बंदूक होती. पण दोघांनीही तिच्यावर मराठीत काही लिहिले नाही. लिहू शकणारा वर्ग पुण्याच्या पेठांत होता आणि त्याच्याकडे बंदूक नव्हती. मराठीत ग्रीनरसारखा लेखक का झाला नाही, याचे उत्तर या वाटणीत आहे. कारागिराचे ज्ञान कारागिराच्या हातात राहिले आणि कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याबरोबर गेले.

पेठेकडे कागद होते. ७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सदाशिव पेठेतल्या त्याच्या वास्तूत दप्तरे, बखरी, हस्तलिखिते, चित्रे, नाणी आणि शस्त्रे जमत गेली. वाडे मोडत होते आणि जुन्या कागदांचे रुमाल रद्दीत जात होते, त्या काळात राजवाड्यांनी गावोगाव फिरून ते गोळा केले. त्यानंतर १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यांत तोफखान्याचे हिशेब, दारूचे जमाखर्च, बाण आणि गोळ्यांच्या मागण्या विखुरल्या आहेत. ज्या हत्याराला हात लावायला परवाना लागत होता, त्याची माहिती मिळवण्यासाठी परवान्याची गरज उरली नाही.

या सामग्रीकडे बंदुकीचा अभ्यासक म्हणून सर्वांत पद्धतशीरपणे पाहिले ते परशुराम कृष्ण गोडे यांनी. १८९१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखला त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ते १९१९ पासून हस्तलिखितांचे अभिरक्षक होते आणि १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. चारशेहून अधिक निबंध त्यांनी लिहिले. विषय पाहिले की त्यांच्या कुतूहलाचा आवाका कळतो: नथ, चष्मा, मेंदी, ज्वारी, बुद्धिबळ, अत्तरे, दिवाळी. ही यादी वरवर हलकी वाटते, पण प्रश्न प्रत्येक वेळी तोच आणि कठीण आहे. अमुक वस्तू या देशात कधीपासून आहे, आणि हे कशावरून?

गोडे यांची पद्धत साधी आणि कडक होती. ग्रंथाचा काळ ठरल्याशिवाय त्यातल्या उल्लेखाला पुरावा मानायचे नाही. हस्तलिखितावर नकलेचा शक असेल तो पाहायचा, ग्रंथकाराने कोणाचा उल्लेख केला आणि त्याचा उल्लेख पुढे कोणी केला ते शोधायचे, म्हणजे वरची आणि खालची मर्यादा मिळते. मग त्याच काळातले परदेशी प्रवासी, फारसी तवारिखा आणि मराठी कागद शेजारी ठेवायचे. बंदुकीच्या बाबतीत ही पद्धत फारच आवश्यक होती, कारण तिथे एक मोठा गोंधळ आधीच माजलेला होता.

तो गोंधळ गुस्ताव ओपर्ट या मद्रासच्या संस्कृत प्राध्यापकाने १८८० मध्ये सुरू केला. शुक्रनीती या संस्कृत ग्रंथात नळीच्या हत्याराचे आणि अग्निचूर्णाचे वर्णन आहे. पाच पळे सोरा, एक पळ गंधक आणि रुई-निवडुंगासारख्या झाडांचा एक पळ कोळसा, असे प्रमाणही दिले आहे. शुक्रनीती प्राचीन मानली, तर बंदूक आणि दारू प्राचीन भारतातच होती असे ठरते. ओपर्ट यांनी तेच ठरवले आणि हा निष्कर्ष देशाभिमानाला सुखावणारा असल्याने झटपट पसरला. प्रफुल्लचंद्र राय यांनी भारतीय रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यावर शंका घेतली. पुढे १९६२ मध्ये लल्लनजी गोपाल यांनी आजची शुक्रनीती ही एकोणिसाव्या शतकातली रचना असल्याचे दाखवून दिले.

गोडे यांनी वादात शक्ती घालवण्याऐवजी कालक्रमाची भक्कम साखळी उभी केली. १९३९ मध्ये सर डेनिसन रॉस यांच्या गौरवग्रंथात त्यांचा १४०० पासूनच्या तोफा-बंदुका आणि दारू यांवरचा निबंध आला. १९४८ मध्ये १४५० ते १८५० या चार शतकांतील बंदुकांची निर्मिती आणि वापर यांवर त्यांनी विस्ताराने लिहिले. १९५३ मध्ये १४०० ते १९०० या काळातल्या शोभेच्या दारूचा इतिहास स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाला. ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावरच्या कौतुकचिंतामणि या ग्रंथातील शोभेच्या दारूच्या कृती त्यांनी पुढे आणल्या. हा राजा १४९७ ते १५४० या काळातला, त्यामुळे कृतींचा काळ पक्का मिळतो. आकाशभैरवकल्प या ग्रंथातली राजदरबारच्या आतषबाजीची वर्णने त्यांनी विजयनगरच्या काळाशी जोडली. १४४३ मध्ये विजयनगरला आलेला अब्दुर रज्जाक आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीचा पोर्तुगीज बार्बोसा यांच्या नोंदी त्यांनी या ग्रंथांशेजारी लावल्या. दारू इथे साधारण १४०० नंतर दिसू लागते, हे त्यांचे प्रतिपादन अशा पुराव्यांवर उभे होते.

मराठी कागदांचा उपयोग त्यांनी ज्या रसिकतेने केला तो पुण्याच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात. तिथला राजा शहराबाहेर दारूची लंका उभारतो, तिच्यात रावण, राक्षस आणि वानर असतात, आणि हनुमान शेपटीच्या ज्वाळांनी ती पेटवतो. हे ऐकून पेशव्यांना तसाच देखावा पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या परिसरात तो उभारण्यात आला. गोडे यांनी या गोष्टीतून दरबारी हौशीपलीकडचा अर्थ काढला: अठराव्या शतकाच्या शेवटी उत्तर हिंदुस्थानात आतषबाजीची कला किती पुढे गेली होती आणि ती दक्षिणेत कोणाच्या मार्फत आली, याची ती नोंद आहे. पर्वतीवरून खाली पाहिले की त्या वेळची सदाशिव पेठ समोरच होती.

गोडे यांच्या लेखनाला मर्यादा आहेत. ते हस्तलिखितांचे अभ्यासक होते, नळी हातात घेऊन पाहणारे नव्हते. बंदुकीचे वजन, तिचा तोल, चापाची ओढ, नळीची घडण यांवर त्यांच्याकडून फारसे मिळत नाही. वापरणाऱ्याच्या अनुभवाऐवजी त्यांच्याकडे उल्लेखांची मांडणी आहे आणि काही निबंध नुसत्या उताऱ्यांच्या रांगा वाटतात. पण ज्या विषयात सगळे काही अंदाजाने बोलले जात होते, तिथे तारखांची शिस्त आणणे हे मोठे काम होते. चीनमधील विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्या जोसेफ नीडहॅम यांनी १९८६ च्या दारूवरील खंडात गोडे यांच्या संशोधनाचा आधार घेतला. पुण्यातल्या एका अभिरक्षकाने लिहिलेले निबंध या विषयाच्या जागतिक इतिहासात पोचले, हा त्यांच्या पद्धतीचा विजय आहे.

स्वातंत्र्यानंतर बंदुकीचे समाजातले स्थान पुन्हा बदलले. १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर मोठे निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार जवळजवळ पूर्ण थांबली. याआधीच व्यंकटेश माडगूळकरांसारखा, बंदूक घेऊन रानात फिरलेला लेखक, वही आणि दुर्बीण घेऊन जाऊ लागला होता, आणि मराठीतले रानाविषयीचे उत्तम लेखन त्यातून झाले. बंदुकीची हौस ज्यांना होती त्यांच्यासाठी नेमबाजीचा मार्ग खुला झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल पुण्यातील नेमबाजांचे मोठे केंद्र बनले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. ज्या मुलखात शस्त्र कायद्यानंतर नेम धरणे संशयास्पद ठरले होते, तिथेच आता नेम धरण्याला सार्वजनिक मान आहे.

मराठी वाचकाला या विषयावरचे साधन मात्र अजून विखुरलेलेच आहे. गोडे यांचे निबंध इंग्रजीत, गौरवग्रंथांत आणि संग्रहांत आहेत. पेशवे दप्तराच्या खंडांतले तोफखान्याचे कागद मोडीतून देवनागरीत आले आहेत, पण विषयानुसार एकत्र लावलेले नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या रुमालांतून दारूखाना, तोफखाना आणि बंदूकवाले यांच्या नोंदी काढून त्यांची सूची करणे, आणि गोडे यांच्या कालक्रमाशी ती ताडून पाहणे, हे काम मोडी वाचता येणाऱ्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे. त्यासाठी लागणारे कागद सदाशिव पेठेत आहेत.